बेड्याच्या काठ्या

आमच्या घराला दरवाजा आहे, त्याला कडी आहे, पण कोण आलं ते दरवाजाने मला कधी सांगितलं नाही. ते काम बेड्याचं.

शहरातल्या माणसाला बेडं ठाऊक नसतं म्हणून सांगतो. गुरांच्या रानाला जांभ्या दगडाचा गडगा असतो, छातीएवढा, दगडावर नुसता दगड रचलेला. त्यात जाण्यायेण्याला वाट सोडायची, वाटेच्या दोन्ही अंगांना भोकं पाडलेले खांब पुरायचे आणि त्या भोकांतून तीन आडव्या काठ्या सरकवायच्या. झालं बेडं. येणाऱ्याने काठ्या काढायच्या, आत यायचं, परत लावायच्या. यात मोठं शहाणपण नाही. गायीलासुद्धा ते कळतं, फक्त तिला हात नाहीत म्हणून ती आत राहते.

माझं रान पावस गावाच्या वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. घर रानाच्या कोपऱ्यात, बेड्यापासून हाकेच्या अंतरावर. रानाच्या पलीकडच्या टोकाला दुसरं बेडं आहे आणि त्याच्याखाली उतारावर वाडीची आंब्याची कलमं. कलमांत जायला दुसरी वाट नाही. आज्याच्या वेळेपासून सगळी वाडी आमच्या रानातून जाते आणि जाताना रीत पाळते. पहिल्या काठीला हात लावला की हाळी द्यायची, मी अमका, इकडे चाललोय. घरातल्याने ओ द्यायची, जावा, बेडं लावा. नाव न सांगता आत शिरतो तो गुरं सोडायला आलेला चोर, असं आजा म्हणायचा. आता माझी गुरं बघून चोरच मला चार पेंढ्या टाकून जाईल, पण रीत राहिली. घरचंच माणूस आलं तर ओ वेगळी. ये, बेडं लाव.

ओ द्यायचं काम लीलाचं होतं. लीला माझी बायको. धाकू शेजारी 'कलमांत चाललोय' म्हणाला की ही घरातून विचारणार, सुनेचा ताप उतरला का, आणि धाकू हातात काठी धरून तापाची सगळी हकिकत सांगणार. निम्म्या वाडीची खबर आम्हाला अशी ओरडून कळायची. लीला स्वतः मात्र काठ्या कधी टाकायची नाही. बाकीचे टाकतात, खडाड खडाड. ती काढलेली काठी गडग्याला अलगद टेकवून ठेवायची. "टाकली की फुटते, नि नवी तोडायला तुम्हाला मुहूर्त सापडत नाही," असं म्हणायची. खोटं नव्हतं ते. आमच्या सावनीलाही तिने लहानपणापासून तीच सवय लावली. त्या दोघी बेड्याशी आल्या की काठीचा आवाज नाही, एकदम हाळीच ऐकू यायची.

लीलाला जाऊन तीन पावसाळे झाले. तेव्हापासून ओ मी देतो. पडवीत बसलेलो असलो की काठ्यांच्या आवाजावरूनच मला माणूस कळतो. धाकू तिसरी काठी पायाने ढकलतो. कलमांतल्या गड्यांना औषधं द्यायला जाणाऱ्या नर्सबाई दोनच काढतात आणि तिसरीखालून वाकून येतात. दिवसभरात मी जे काही बोलतो ते या बेड्याशी. गुरांशी बोलतो ते धरत नाही, त्यात शिव्याच जास्त.

गेल्या दिवाळीनंतर विनीत आला. विनीत माझा चुलत पुतण्या, पस्तिशीचा, कलमांचा धंदा त्याने चांगला वाढवलाय. पूर्वी आंबा डोक्यावरून खाली जायचा, आता त्याचे पिकअप रानातून थेट कलमांपर्यंत जातात. म्हणजे जायचे, कच्च्या वाटेने धडपडत; साध्या गाडीला ती वाट झेपत नसे.

"तात्या, ह्या काठ्यांनी ड्रायव्हर कटाळलेत," तो म्हणाला. "उतरा, काढा, गाडी आत घाला, परत उतरा, लावा. दोन बेडी, जाताना नि येताना. मग कोण लावीत नाय नि तुमची गुरं जातात कलमांत. नंतर आपलं भांडण."

"माझी गुरं पानं खातात, आंबे खात नाहीत," मी म्हटलं.

"पानांशिवाय आंबा येतो काय?"

मग त्याने फोनमध्ये चित्र दाखवलं. देवळापासून वर येणारी वाट रुंद करायची. बेड्याच्या जागी आडवा खड्डा खणायचा आणि त्यावर लोखंडी पाइप टाकायचे, मध्ये मध्ये फट ठेवून. गाडी वरून सरळ जाते. गुरू मात्र खालचा खड्डा बघून घाबरतं, पाय टाकत नाही. त्याला काऊ कॅचर म्हणतात म्हणे. गाय पकडायचा काही संबंध नाही, पण नाव तसं. पायी जाणाऱ्यांना बाजूने गडग्यात नागमोडी फट ठेवू म्हणाला.

मी तेव्हा हो म्हटलं नाही. हो म्हटलं ते सावनीच्या फोननंतर. सावनी डोंबिवलीला असते, जावई मुकुल आणि नात राही यांच्याबरोबर. तिचं नेहमीचं दुखणं होतं की गाडी खाली देवळापाशी ठेवावी लागते आणि सामान घेऊन पाखाडीच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. मुकुलची कंबर धरते, राही रडते. विनीतचा बेत सांगितल्यावर ती म्हणाली, "बाबा, गाडी दारापर्यंत आली ना, तर काय, आम्ही कधीही येऊ." कधीही हा शब्द मी त्या रात्री अंथरुणावर बराच वेळ घोळवला. सकाळी उठून विनीतला निरोप धाडला की खण.

काम सुरू झालं ते दिवस मात्र मजेत गेले. खरं सांगतो, लीला गेल्यापासून तेवढी माणसं माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आली नव्हती. जेसीबी आला, गडग्याचे दोन्ही बाजूचे दगड काढले, वाट ट्रक जाईल एवढी रुंद झाली. काढलेले दगड मी वाया जाऊ दिले नाहीत. रानाची दक्षिणेची बाजू ढासळली होती, ती गड्यांच्या बरोबरीने रचून घेतली. मोठा दगड खाली, चपटा वर, मध्ये बारीक कपची ठोकून. गडी चहा प्यायला पडवीत बसायचे, मी त्यांना मुंबईत काढलेल्या आठ वर्षांच्या गोष्टी सांगायचो, ते हसायचे. बेड्याचे जुने दगडी खांब उपटून गोठ्यामागे टाकले. माघ संपायच्या आत दोन्ही टोकांना पाइप बसले आणि मधल्या वाटेवर चाकांपुरते काँक्रीटचे दोन पट्टे पडले. गुरांनाही बरं झालं. आता कुणी बेडं उघडं टाकायचा प्रश्न नाही आणि रात्री कलमांतून शिव्या नाहीत. तांबू, माझी थोरली गाय, पहिल्या दिवशी त्या पाइपांच्या जाळीपाशी गेली, खाली मान घालून फटीत बघितलं, फुर्र केलं आणि परत फिरली. शहाणी आहे ती, माझ्यापेक्षा.

कारण मग आंब्याचा हंगाम लागला आणि माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय.

गाड्या येतात, पाइपांवर घर्रर्र असा आवाज होतो, आणि गेल्या. काचा वर. आत गाणी. कोण आहे, कुठे चाललाय, कुणी सांगत नाही, कारण काठीला हात लावायचाच नाही तर हाळी कशाला? रीत काठीला बांधलेली होती हे मला तोवर कळलंच नव्हतं. पहिले काही दिवस मी पडवीतून ओरडायचो, "कोण?" आवाज धुळीत जायचा. नर्सबाईंनी स्कूटर घेतली, त्याही वरच्या वर जातात. नागमोडी फट केली खरी, पण चालत कोण येणार, सगळेच विनीतच्या पिकअपमध्ये बसतात. धाकूसुद्धा! साठ वर्षं ज्याने तिसरी काठी पायाने ढकलली तो धाकू ड्रायव्हरशेजारी बसून मला नुसता हात दाखवतो, पुढाऱ्यासारखा. मी पण हात दाखवतो. हात दाखवून सुनेचा ताप कळत नाही.

मला एकटं वाटायला लागलं. हे लिहायला संकोच वाटतो, सत्तरीच्या माणसाने काय हे, पण वाटायला लागलं. लीला गेली तेव्हा दुःख झालं, ते दुःख होतं. हे वेगळं होतं. दिवसचे दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे आणि संध्याकाळी तांबूला हाक मारली की माझाच आवाज मला परक्याचा वाटायचा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, माझी तेवढीही राहिली नव्हती, कुंपणापाशी जाऊन करायचं काय?

एकच गोष्ट हाताशी होती. सावनी येणार होती. मेच्या सुट्टीत.

मी गाद्या उन्हात घातल्या. पडवी सारवली. गिरणीतून घावनांचं पीठ आणलं, कोंबडा ठरवून ठेवला. मुलीला दोन रात्री तरी ठेवायची म्हणजे एवढं हवंच. आणि खरोखर, एका दुपारी पाइपांवर घर्रर्र झालं आणि पांढरी गाडी थेट खळ्यात येऊन थांबली.

"बाबा, काय मस्त झालंय हो! दारात गाडी!" सावनी उतरली ती तिच्या आईसारखीच दिसली, कपाळावर घाम नव्हता एवढाच फरक. राही मागच्या सीटवर झोपली होती, म्हणून मुकुलने गाडी चालूच ठेवली, थंड हवेसाठी. तो चहा उभ्यानेच प्यायला. "काळोख पडायच्या आत मालवण गाठायचंय," तो म्हणाला, "हॉटेलवाला नाहीतर खोली दुसऱ्याला देईल."

मी सावनीकडे बघितलं. "म्हणजे राहत नाही?"

"आता काय बाबा, रस्ता झाला. कधीही येऊ शकतो," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून, "परत जाताना डोकावू. नक्की."

पूर्वी ते पाखाडी चढून यायचे ते जीभ बाहेर काढूनच. मुकुल पडवीत आडवा व्हायचा. त्या दिवशी परत खाली उतरायचं कुणाच्या मनातही यायचं नाही, दुसऱ्या दिवशी अंग दुखायचं, म्हणून आणखी एक रात्र. चढायचा कंटाळा होता तोच उतरायचाही होता. रस्त्याने दोन्ही मोडून काढले. घावनाचं पीठ मी तिच्याबरोबर डब्यात दिलं. हॉटेलात घावनं कोण घालणार, पण दिलं. गाडी वळली, पाइपांवर घर्रर्र झालं. कोंबडा खळ्यातच फिरत होता, त्याचं नशीब.

रात्री मला राग आला. विनीतचा नाही, मुकुलचा नाही, त्या पाइपांचा आला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात; माझं उलट झालं होतं, मी झोपाच, म्हणजे गोठ्याचं दारच, उपटून दिला होता आणि वर चहा पाजला होता.

सकाळी गोठ्यामागचे जुने दगडी खांब मी पहारीने ढकलत ढकलत वाटेपर्यंत आणले. जाळीच्या दोन्ही अंगांना खड्डे घेतले, खांब उभे केले, कपच्या ठोकल्या. मेचं ऊन, खालचा सडा तापलेला, दोन वेळा डोळ्यांपुढे अंधारी आली. वाट आता रुंद, जुन्या काठ्या पुरेनात, म्हणून लांब बांबू तोडले. दुपारपर्यंत जाळीच्या वर तीन काठ्या झाल्या. मग पडवीत येऊन बसलो.

पहिला पिकअप आला. थांबला. हॉर्न वाजवला, मी हललो नाही. शेवटी ड्रायव्हर उतरून पडवीपर्यंत आला.

"काय हो तात्या, परत काठ्या?"

"गाय जाळी ओलांडते," मी म्हटलं. "तांबू. उडी मारते."

"बापरे," तो म्हणाला.

"तू कोण? कुणाचा?"

तो शेजारच्या गोळप गावचा निघाला, त्याच्या आजोबांना मी ओळखत होतो, नाचे होते शिमग्यातले. त्याने पाणी मागितलं, मी दिलं. जाताना त्याने काठ्या लावल्या, खडाड खडाड, आणि मी ओ दिली. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी नर्सबाई थांबल्या. धाकू तर उतरून मुद्दाम आला. "मी म्हनलं तात्या बरा हाय ना," म्हणाला. तासभर बसला. सुनेला दिवस गेलेत हे मला तेव्हा कळलं, पाचवा महिना लागला होता आणि मला पत्ता नाही.

तिसऱ्या दिवशी विनीत आला. ड्रायव्हरांनी तक्रार केली असणार. काठ्या काढल्या, आत आला, तांबूकडे बघितलं. ती सावलीत बसून रवंथ करत होती.

"ही उडी मारते?"

"मारते म्हणजे? हरणासारखी."

"तात्या, हिला उठवायला चार हाका लागतात."

"वय झालं की माणूस काय काय करतं," मी म्हटलं, "गाय का नाही करणार?"

तो हसला. काठी उचलून तिला हाकत जाळीपाशी नेलं. तांबू फटीत बघून थांबली, फुर्र केलं. त्याने चुचकारलं, ढुंगणावर थाप मारली. ती मागे सरकली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी मान वळवली. घर फिरलं की घराचे वासे फिरतात ते असे.

"आज तिची इच्छा नाही," मी म्हटलं.

विनीत रानाच्या पलीकडच्या टोकाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "गाय जाळी ओलांडते, तर पल्याडच्या जाळीवर काठ्या का नायत, तात्या? तिकडेच तर कलमं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मरमर करून खांब पुरले आणि ज्या बाजूला गाय जाऊन नुकसान करणार ती बाजू सताड उघडी. खोटं बोलायलाही सराव लागतो. मी पडवीच्या पायरीवर बसलो.

"तिकडे माझं घर नाही," मी म्हटलं. "तिकडे थांबून कोणाचा मला काय उपयोग? विनीत, सगळे जातात रे. घर्रर्र करून जातात. कोण थांबत नाही. तुझी जाळी चांगली आहे, माझी गुरं सुखी आहेत, मीच तेवढा... लीला होती तोवर ओ द्यायला ती होती. आता ओ द्यायला मी आहे तर हाळी नाही."

त्याचा फोन वाजत होता. त्याने बघितला आणि खिशात टाकला. खाली मान घालून बराच वेळ चपलेने माती उकरत राहिला. लहान होता तेव्हा लीलाच्या शिव्या खाताना असाच उभा राहायचा.

"हंगामात माझा खोळंबा होतो, तात्या," शेवटी म्हणाला.

"होतो," मी म्हटलं. "मला कळतं. काढ त्या."

तो गेला. गाडी सुरू झाली, पाइपांवरून गेली आणि पलीकडे थांबली. मी डोळे मिटून बसलो होतो. एक काठी लागली. दुसरी लागली. तिसरी लावताना त्याच्या हातून सुटून पडली, त्याने शिवी दिली आणि परत लावली. हाळी त्याने दिली नाही, त्याची ती पिढीच नाही. पुढे गेल्यावर एकदा हॉर्न दिला. मी पडवीतून म्हटलं, "जा, जपून जा." त्याला ऐकू गेलं नसणार, पण मला बरं वाटलं.

सावनीची मी वाट बघत नव्हतो. डोकावू म्हणालेली माणसं महामार्गाने जातात, जवळ पडतं. दुपारी जेवून पडवीत लवंडलो होतो. एका गाडीचा आवाज आला आणि बेड्यापाशी बंद झाला. एक दार उघडलं. मी काठ्यांच्या आवाजाची वाट बघू लागलो, म्हणजे कोण ते कळेल.

आवाज येईना. काठी पडेना. मला वाटलं माणूस कंटाळून परत वळतंय. आणि मग एकदम डोक्यात लख्ख झालं. या बेड्यावर आवाज न करता काठ्या काढणारी दोनच माणसं झाली, त्यांतलं एक तीन पावसाळ्यांपूर्वी गेलं.

"बाबा!" हाळी आली, मोठी, गडग्यावरून. "मी सावनी!"

मला कळलं होतं. तरी मी उठून बसलो, घसा साफ केला आणि ओरडलो, "कोण?"

"सावनी हो! घरी आलेय!"

"ये," मी म्हटलं. पायरीपर्यंत गेलो आणि परत म्हटलं, "ये. बेडं लाव."

गाडी पाइपांवरून आत आली. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ती काठ्या लावत होती.